नरसीचे नामदेव आणि त्यांचे घर

स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी मंडळाच्या भगिनींची आज्ञा झाली. त्यासाठी दूर जाण्याचे मला कारण दिसले नाही. कयाधूकाठची नरसी आपल्या हिंगोलीला अगदी जवळची. स्वतः पदे रचावीत, स्वतःच ती गावीत आणि ऐकणाऱ्याला डोलावयास लावावे, असे ज्यांनी जन्मभर केले, त्या संत नामदेवांचे हे गाव.

नामदेवांचा जन्म इ. स. १२७० मध्ये झाला, असे मानतात. जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. आपल्या भागाची श्रद्धा मात्र नरसीवर आहे. वडील दामाशेटी, आई गोणाई, बहीण आऊबाई. घरचा धंदा शिंप्याचा. नामदेव पंढरपुरी वाढले आणि विठ्ठलाच्या कीर्तनात इतके रमले, की सुईदोरा हातचा सुटला. पत्नी राजाई, चार मुलगे, एक मुलगी. शिवाय गंगाखेडहून लहानपणीच आलेली जनी. एवढ्या मोठ्या घरात खाणारी तोंडे पुष्कळ आणि कर्ता पुरुष टाळ घेऊन वाळवंटात!

नामदेवांना गुरू लाभले तेही आपल्याच जिल्ह्यात. संतमंडळींत गोरा कुंभारांनी त्यांना कच्चे मडके ठरविले, तेव्हा खजील होऊन ते औंढा नागनाथास विसोबा खेचरांकडे आले. पिंडीवर पाय ठेवून विसोबा निजले होते. देव नसेल तेथे माझे पाय ठेव, असे त्यांनी सांगितले आणि तशी जागा काही नामदेवांना सापडेना, अशी कथा आहे. पुढे ज्ञानेश्वरांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. १२९६ मध्ये आळंदीस ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, त्या प्रसंगाचे अभंगही नामदेवांनीच रचले.

नंतर ते उत्तरेकडे गेले आणि पंजाबात घुमान येथे दीर्घकाळ राहिले. तेथल्या लोकांना मराठी कळेना, म्हणून त्यांच्याच बोलीत ते गाऊ लागले. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी शिखांचा आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत. १३५० मध्ये पंढरपुरी त्यांनी देह ठेवला. महाद्वारातील नामदेव पायरीवर पाय न देता आपण आजही आत जातो. २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेही त्यांच्याच पुण्याईने.

एवढे चरित्र आपणांस ठाऊकच आहे. माझ्या मनात घर करून राहिले ते निराळेच. नामदेवांच्या गाथेत गोणाई आणि राजाई यांच्या नावांचेही अभंग आहेत. मुलाने धंदा सोडला म्हणून आई त्यांत रडते; घरात दाणा नाही, अंगावर धड वस्त्र नाही, म्हणून पत्नी विठ्ठलाशीच भांडते. हे अभंग त्यांनीच रचले की नामदेवांनी त्यांच्या मुखी घातले, यावर पंडितांनी वाद घालावा. नामदेवांच्या गाण्यांशेजारी घरच्या बायकांचे गाऱ्हाणे जपले गेले, हे मला फार मोठे वाटते. जनीने तर दळणकांडण करीतच शेकडो अभंग रचले. त्या घरात गाणे आणि जाते एकाच वेळी फिरत होते.

येथे एक कबुली देते. आपल्या मंडळाच्या भजनाला एक भगिनी नेहमी उशिरा येत असे. देवाच्या कामाला वेळ कसा मिळत नाही, असे मी एकदा चारचौघींत तिला बोलले. ती काही न बोलता मागे जाऊन बसली आणि पुढले दोन महिने आलीच नाही. घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत आणि त्यांना भरवून झाल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, हे मला मागाहून कळले. त्याच सुमारास मी राजाईचे अभंग वाचीत होते. वाचता वाचता मान खाली गेली.

मी तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिने चहा ठेवला आणि विषय वाढविला नाही. आता आपले भजन चारऐवजी साडेपाचला सुरू होते, त्याचे कारण हे आहे. पुष्कळ जणींनी विचारले होते, म्हणून येथे लिहिले.

नामदेवांचे नाव घेताना गोणाई, राजाई आणि जनी यांचेही स्मरण असू द्यावे, एवढीच माझी विनंती.