पंचावन्न अंशांचा व्हिटवर्थ

फर्स्ट इयरला ड्रॉइंगच्या शीटवर आपण सगळ्यांनी आटे काढलेत. मेट्रिकचा कोन 60 अंश, बीएसडब्ल्यूचा 55. पाठ केलं, पेपरात लिहिलं आणि विसरलो. (स्टाफने कृपया हे वाक्य वाचू नये.) पण मित्रमैत्रिणींनो, हा 55 आला कुठून? 60 समजतो, तो समभुज त्रिकोणाचा कोन. 55 कुणाला सुचला? बीएसडब्ल्यूमधला डब्ल्यू म्हणजे एक माणूस आहे, जोसेफ व्हिटवर्थ. मी कॉन्व्हेंटची, तेव्हा माझं मराठी सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मला मराठी विभागातच लिहायची होती, कारण आटे रोज पाडणारी शहापूर-मुरबाडकडची मुलं मराठीच वाचतात.

व्हिटवर्थ 21 डिसेंबर 1803 रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टला जन्मला. वडील शाळामास्तर, पुढे धर्मोपदेशक झाले. आई तो लहान असतानाच गेली आणि मुलं इकडेतिकडे विखुरली. चौदाव्या वर्षी त्याला काकाच्या सूतगिरणीत चिकटवलं. पुढेमागे गिरणीत भागीदारी मिळाली असती. पण पोराचं लक्ष सुतात नव्हतं, सूत काढणाऱ्या यंत्रात होतं. काही वर्षांनी तो पळाला आणि मँचेस्टरला साधा मेकॅनिक म्हणून लागला. 1825 मध्ये लग्न करून लंडनला गेला आणि हेन्री मॉड्स्लेच्या कारखान्यात शिरला. स्क्रू पाडणारं लेथ अचूक करून दाखवणारा तो हाच मॉड्स्ले.

तिथे व्हिटवर्थने सपाटपणाचा ध्यास घेतला. दोन प्लेटा एकमेकींवर घासून जुळवल्या तरी एक फुगीर आणि दुसरी खोलगट असू शकते. तीन प्लेटा घेतल्या आणि प्रत्येक जोडी तंतोतंत जुळली, तरच तिन्ही सपाट. ही रीत त्याने पक्की केली आणि घासण्याऐवजी खरवडून, म्हणजे स्क्रेपिंगने, प्लेटा करायला सुरुवात केली. आपल्या मेट्रॉलॉजी लॅबमधली सरफेस प्लेट याच वंशातली.

1833 मध्ये तो मँचेस्टरला परतला, एक खोली भाड्याने घेतली आणि यंत्रं बनवायला लागला. तेव्हा आट्यांची अवस्था काय होती? प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. कोन मिस्त्रीच्या मर्जीचा, पिच त्याच्या लेथची. बोल्ट हरवला की नटही गेला, कारण दुसऱ्या गावचा बोल्ट त्यात बसायचाच नाही. व्हिटवर्थने काय केलं? स्वतःचा कोन लादला नाही. ठिकठिकाणच्या वर्कशॉपमधले बोल्ट गोळा केले, मोजले आणि सरासरी काढली. कोनाची सरासरी 55 च्या आसपास आली, तीच त्याने धरली. प्रत्येक व्यासाला एकच पिच ठरवली. पाव इंचाला इंचामागे 20 आटे, अर्ध्या इंचाला 12, एक इंचाला 8. माथा आणि तळ गोल. 1841 मध्ये हे त्याने लंडनच्या सिव्हिल इंजिनीअर्सच्या संस्थेपुढे मांडलं. म्हणजे 55 हा आकडा कुणा एकाच्या डोक्यातून निघाला नाही. तो तडजोडीचा आकडा आहे, आणि म्हणूनच कारखान्यांनी तो घेतला.

पुढच्या काही वर्षांत इंग्लंडच्या रेल्वेत हे आटे सर्रास झाले. आपल्याकडे जीआयपी रेल्वे 1855 मध्ये वासिंदला आणि 1861 मध्ये कसाऱ्याला पोचली. तिची इंजिनं इंग्लंडमध्येच बनलेली. आसनगाव, आटगावच्या लोकांनी व्हिटवर्थचं नाव ऐकलं नसेल, पण त्याच्या पद्धतीचे नटबोल्ट त्यांच्या दारावरून धडधडत गेले. क्रिमियाच्या युद्धात तर गनबोटींच्या इंजिनांचे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत करून घेतले गेले आणि सुमारे 90 दिवसांत 90 इंजिनसंच उभे राहिले. आटे सगळीकडे एकच नसते तर हे जमलंच नसतं.

पण तक्ता छापला म्हणून आटे अचूक येत नाहीत, ते मोजावे लागतात. 1851 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने इंचाच्या दशलक्षाव्या भागाचा फरक दाखवणारं यंत्र ठेवलं. तेही स्क्रूवरच चालायचं! रोजच्या कामासाठी मात्र त्याने प्लग आणि रिंग गेजचा आग्रह धरला. आकडा वाचू नका, जोडीदार बसतो का ते बघा.

याची किंमत मला मुरबाडला कळली. माझ्या मामाची एमआयडीसीत दोन सीएनसी लेथ आहेत. एकदा अर्ध्या इंची पितळी फिटिंगचा लॉट परत आला. पैसे अडकले, आणि बोट उठलं ते सरळगावच्या ऑपरेटर मुलाकडे. तो बिचारा व्हर्नियर लावून दाखवत होता, बाहेरचा व्यास 20.9 च्या वर, अगदी बरोबर. प्रोग्रामही तोच, जी 76, कालपर्यंत चाललेला. मग मामाने रिंग गेज आणलं. गो रिंग जाईना. आट्यांचं बसणं बाहेरच्या व्यासावर नाही, बाजूंवर, म्हणजे इफेक्टिव्ह डायमीटरवर ठरतं, आणि तो व्हर्नियरला दिसत नाही. इन्सर्टचं टोक झिजलं होतं, त्यामुळे आटे उथळ पडत होते आणि इफेक्टिव्ह डायमीटर वाढला होता. या साइझला ए क्लासमध्ये सूट फक्त 0.142 मिमी आहे. इन्सर्ट बदलला, पहिला पीस गेजने तपासून ऑफसेट दिला, आणि गो गेलं, नो-गो अडलं. मुलाच्या हाताला नोकरीपुरतं तरी गेज आलं. त्याआधी फक्त व्हर्नियर होतं. गेज हे मालकाच्या हाती असलं तर शिक्षा होते, ऑपरेटरच्या हाती असलं तर ढाल होते. दर वीस-पंचवीस पीसनंतर रिंग फिरवली की दोष मशीनपाशीच सापडतो, गिऱ्हाइकाकडे नाही.

व्हिटवर्थ संत नव्हता. हट्टी होता. सरकारने बंदुका सुधारायला सांगितलं तेव्हा त्याने षटकोनी नळीची रायफल केली. 1857 च्या चाचण्यांत ती एनफिल्डपेक्षा अचूक ठरली, पण नळी लवकर काजळायची आणि खर्चही जास्त, म्हणून सैन्याने नाकारली. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिने माणसं टिपली. अचूकता कुठे लावायची हे गेज सांगत नाही. पैसा मात्र त्याने शिक्षणात घातला. 1868 मध्ये वर्षाला 3,000 पौंड देऊन 30 स्कॉलरशिप सुरू केल्या. 22 जानेवारी 1887 रोजी माँटे कार्लोला तो वारला.

त्याचा 55 हरला असं म्हणतात. 1864 मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने 60 अंश आणि सपाट माथा सुचवला, कारण साध्या वर्कशॉपला तो करायला सोपा. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांचे नटबोल्ट एकमेकांना लागेनात, तेव्हा 1948 मध्ये ब्रिटननेही 60 मान्य केला. पण पाइपांवरून 55 हटला नाही. मामाची ती फिटिंगही 55 चीच. होस्टेलचा नळ गळला की शहापूरच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंची नळ आणा, टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि फिरवा. नळ करणारा आणि पाइपला आटे पाडणारा कधी भेटलेले नसतात, तरी ते जुळतं. दोघांनी एकच गेज मानलं, एवढंच त्याचं कारण.