सातवी शिकलेले वसंतदादा

मुलांनो, मागे एकदा वर्गात एकाने विचारले, की तुम्ही सगळे आई-बाबा इंजिनिअरच कसे काय? आम्ही हसलो. पण त्या उत्तरात एका शेतकऱ्याचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव वसंतदादा पाटील.

दादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७चा. सांगलीजवळ कृष्णाकाठचे पद्माळे हे त्यांचे गाव. आई-वडील लहानपणीच गेले, आजीने वाढवले. शिक्षण मराठी सातवीपर्यंत, पुढे शेती.

१९४२च्या चळवळीत ते भूमिगत झाले, मग पकडले गेले आणि सांगलीच्या तुरुंगात आले. २४ जुलै १९४३ रोजी त्यांनी आणि साथीदारांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या आणि तटावरून खंदकात उड्या टाकल्या. पावसाळ्याचे दिवस, कृष्णेला पूर, मागून गोळीबार! दोन साथीदार मारले गेले. दादांच्या खांद्यात गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे पंचवीस.

१९५२ साली ते आमदार झाले. एकट्या शेतकऱ्याच्या उसाला कोण विचारतो? म्हणून शेतकऱ्यांनाच थोडेथोडे पैसे घालायला लावून त्यांनी सांगलीला सहकारी साखर कारखाना उभा केला. ऊसही त्यांचा आणि कारखानाही त्यांचाच.

१९७७ मध्ये दादा मुख्यमंत्री झाले. पुढच्याच वर्षी सरकार पडले. १९८३ मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि इथे आमचा संबंध येतो. तेव्हा महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्याच. मुले पैसे भरून कर्नाटकात जात. सातवी शिकलेल्या दादांनी खाजगी संस्थांना विनाअनुदान कॉलेजे काढायला परवानगी दिली. टीका पुष्कळ झाली, आणि ती सगळीच खोटी नव्हती. फी भरमसाट, गरिबाला न परवडणारी. साखरसम्राटांचे शिक्षणसम्राट झाले ते असे. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण आमच्यापैकी कित्येकांना सरकारी कॉलेजात जागा मिळालीच नसती. घरच्यांनी कर्ज काढून या कॉलेजांची फी भरली, म्हणून आज आम्ही इथे कॉम्प्युटरसमोर बसलो आहोत.

१ मार्च १९८९ रोजी दादा गेले. पुण्याजवळ मांजरीला उसावर संशोधन करणारी मोठी संस्था आहे, तिला त्यांचे नाव दिले आहे.

आजी-आजोबांचा फोन आला की त्यांना दादांविषयी जरूर विचारा. ते सांगलीकडचे असतील, तर फोन लवकर ठेवणार नाहीत!