संत बर्नादेत : दर्शन, शंका आणि श्रद्धा

दरवर्षी ११ फेब्रुवारी रोजी आपण लुर्ड्स मातेचा सण साजरा करतो. चर्चच्या आवारात दगड-सिमेंटची गुहा असेल तर ती त्या दिवशी फुलांनी सजते, मेणबत्त्या लागतात, आजाऱ्यांसाठी खास प्रार्थना होते. सर्वांच्या नजरा गुहेतील शुभ्रवस्त्रधारी मरियामातेकडे असतात. खाली गुडघे टेकून बसलेल्या मुलीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. अमुक गावी मातेने दर्शन दिले, तमुक ठिकाणी मूर्तीच्या डोळ्यांतून अश्रू आले, असे संदेश आज मोबाइलवरून नंदुरबार-नवापूरपासून धडगावच्या डोंगरपाड्यांपर्यंत क्षणात पोहोचतात आणि विश्वास ठेवावा की नाही, असा प्रश्न भाविकांना पडतो. अशा वेळी या मुलीचे चरित्र पुन्हा वाचण्यासारखे आहे. कारण तिच्यावर पहिली शंका घेतली ती तिच्याच आईने आणि तिच्याच धर्मग्रामाच्या फादरांनी.

मारी-बर्नार्द सुबिरू हिचा जन्म ७ जानेवारी १८४४ रोजी दक्षिण फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या लुर्ड्स गावी झाला. घरात तिला बर्नादेत म्हणत. वडील फ्रान्स्वा पाणचक्कीवर दळण दळून देत. व्यवहार त्यांना जमला नाही. चक्की हातची गेली आणि ते मोलमजुरी करू लागले. १८५५ मध्ये गावात पटकीची साथ आली. बर्नादेत त्यातून वाचली. पण दम्याने तिला कायमचे धरले. १८५७ साली हे कुटुंब गावातील जुन्या तुरुंगाच्या एका अंधाऱ्या, ओलसर खोलीत राहावयास गेले. कैद्यांसाठीही ती अयोग्य ठरवून सोडून दिलेली होती. त्याच वर्षी पिठाची दोन पोती चोरल्याच्या संशयावरून वडिलांना आठवडाभर अटकेत राहावे लागले. संशयाला आधार एवढाच, की हा माणूस फार गरीब आहे.

मग बर्नादेतला शेजारच्या बार्त्रेस गावी एका ओळखीच्या घरी मेंढ्या राखण्यास पाठवण्यात आले. रात्री घरधनीण तिला धर्मशिक्षण शिकवू पाही. परंतु पुस्तक फ्रेंच भाषेत आणि मुलीला येत होती फक्त आपल्या मुलखाची गास्कोन बोली. तिला अक्षरओळखही नव्हती. घरी भिली, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या आणि शाळेत एकाएकी प्रमाण मराठीचे पुस्तक हाती पडलेल्या मुलांचे काय होते, हे आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांना वेगळे सांगावयास नको. बर्नादेत मठ्ठ ठरली. चौदा वर्षांची झाली तरी तिचे प्रथम कम्युनियन झाले नव्हते. त्याच ओढीने ती जानेवारी १८५८ मध्ये लुर्ड्सला परतली.

११ फेब्रुवारी १८५८, गुरुवार. घरात सरपण नव्हते. धाकटी बहीण आणि एक मैत्रीण यांच्यासह ती गाव नदीच्या काठी (गाव हे त्या नदीचेच नाव) मासाबियेल नावाच्या कातळाकडे लाकडे वेचण्यास गेली. जागा काही पवित्र वगैरे नव्हती. गावची डुकरे तेथे आसऱ्याला येत. दोघी मुली थंड पाण्यातून पलीकडे गेल्या. दम्यामुळे बर्नादेत मागे राहिली. वाऱ्यासारखा आवाज आला. मात्र झाडे हलत नव्हती. गुहेच्या कोनाड्यात तिला शुभ्र वस्त्र, निळा कमरबंद, प्रत्येक पावलावर पिवळा गुलाब आणि हाती जपमाळ असलेली एक तरुणी दिसली. बर्नादेतने आपली जपमाळ काढून प्रार्थना केली.

येथे एक बाब नीट लक्षात घ्यावी. आपल्याला पवित्र मरिया दिसली, असे ती म्हणाली नाही. पुढे सहा आठवडे ती त्या आकृतीला आपल्या बोलीत नुसते ते म्हणत राहिली. घरी कळताच आईने रागे भरून पुन्हा तेथे जाण्यास मनाई केली. १४ फेब्रुवारीला परवानगी मिळाली तेव्हा बर्नादेत चर्चमधून पवित्र पाणी घेऊन गेली आणि तिने ते त्या आकृतीवर शिंपडले. जे दिसले ते वाईट असेल तर निघून जावे, हा हेतू! म्हणजे पहिली परीक्षा खुद्द तिनेच घेतली. १८ फेब्रुवारीला ती तरुणी प्रथमच बोलली, तेही फ्रेंचमध्ये नव्हे, तर गास्कोन बोलीत. पंधरा दिवस येथे येण्याची कृपा कराल का, असे तिने विचारले. ज्या मुलीशी गावात कोणी आदराने बोलत नसे, तिला त्या तरुणीने तुम्ही म्हटले. बर्नादेत हे आयुष्यभर विसरली नाही.

दर्शने एकूण अठरा झाली. शेवटचे १६ जुलैला, कार्मेल मातेच्या सणाच्या दिवशी. बघ्यांची गर्दी हजारांवर गेली. पोलीस अधिकारी जाकोमे यांनी तिचा जबाब लिहून घेतला आणि मुद्दाम चुकीचा वाचून दाखवला. तिने प्रत्येक चूक दुरुस्त केली. २५ फेब्रुवारीला तर तिने गुहेतील माती उकरली, गढूळ पाणी पिऊन चेहरा चिखलाने माखून घेतला आणि तेथील पाला खाल्ला. ज्यांचा विश्वास बसू लागला होता त्यांनीही मान फिरवली. तोच आजचा लुर्ड्सचा झरा. लोकांनी पुढे केलेले पैसे मात्र या उपाशी घराने घेतले नाहीत.

२ मार्चला ती धर्मगुरू पेरामाल यांच्याकडे गेली. लोकांनी मिरवणुकीने यावे आणि तेथे मंदिर बांधावे, असा निरोप होता. पेरामाल दांडगे आणि तापट. ते कडाडले. ती तरुणी कोण हे आधी तिने सांगावे आणि भर थंडीत कोनाड्याजवळचे गुलाबाचे झुडूप फुलवून दाखवावे, असे त्यांनी बजावले. अनेक चरित्रांत त्यांची ही कठोरता लपवली जाते, जणू ती लाजिरवाणी असावी. मला तसे वाटत नाही. कळपाचा राखणदार दाराशी आलेल्या प्रत्येकाला आत घेत नसतो.

गुलाब फुलला नाही. पण २५ मार्चला, देवदूताच्या निरोपाच्या सणादिवशी, नाव मिळाले. विसरू नये म्हणून वाटभर ते शब्द पुटपुटत बर्नादेत फादरांच्या दारी आली आणि तिने ते सांगून टाकले : त्या तरुणीने स्वतःला निष्कलंक गर्भसंभव म्हटले होते. मरियामाता आपल्या आईच्या उदरी आली त्या क्षणापासून आदिपापापासून मुक्त होती, हे श्रद्धातत्त्व पोप नववे पायस यांनी ८ डिसेंबर १८५४ रोजी घोषित केले होते. या मुलीला त्या शब्दांचा अर्थही ठाऊक नव्हता. पेरामाल निरुत्तर झाले.

तरीही ख्रिस्तसभेने घाई केली नाही. एप्रिलपासून गुहेत दर्शन झाल्याचे सांगणाऱ्यांची संख्या पन्नासच्या घरात गेली. कोणी अंगविक्षेप करी, कोणी किंचाळे. ही सारी दर्शने अमान्य झाली. २८ जुलै १८५८ रोजी तार्बचे बिशप लोराँस यांनी चौकशी आयोग नेमला. झऱ्याच्या पाण्याच्या रासायनिक तपासणीत ते साधे पिण्याचे पाणी ठरले, औषधी गुण काहीच नाही. बर्नादेतची, तसेच बरे झालेल्यांची कसून तपासणी झाली. साडेतीन वर्षांनंतर, १८ जानेवारी १८६२ रोजी, बिशपांनी दर्शन खरे असल्याचा निर्णय दिला. त्यानंतरही ते मानणे कोणावर बंधनकारक झाले नाही. अशी दर्शने खासगी प्रकटीकरणे असतात. प्रभू येशू ख्रिस्तामध्ये झालेल्या प्रकटीकरणात ती भर घालत नाहीत. मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने जाहीर केलेल्या नव्या नियमांनुसार तर बिशपांनी अशा घटनेला अलौकिक म्हणून घोषित करणे सर्वसाधारणपणे अपेक्षितच नाही. भक्तीला हरकत नाही एवढाच अनुकूल निर्णय दिला जातो.

बर्नादेतने कोणालाही पटवण्याचा प्रयत्न केला नाही. आपल्यावर सांगण्याची जबाबदारी आहे, विश्वास ठेवायला लावण्याची नाही, अशी तिची भूमिका होती. ७ जुलै १८६६ रोजी ती नव्हेर येथील धर्मभगिनींच्या मठात दाखल झाली. दुसऱ्या दिवशी जमलेल्या भगिनींसमोर तिने आपली हकीकत सांगितली. त्यानंतर मठात हा विषय बंद. तेथे तिने आजाऱ्यांची सेवा केली, वेदीच्या वस्त्रांवर भरतकाम केले. दमा होताच, पुढे गुडघ्याच्या हाडाला क्षय झाला. लुर्ड्सला ती पुन्हा कधीच गेली नाही.

नवशिक्या भगिनींच्या प्रमुख मदर मारी-तेरेझ वोझू यांची मात्र खात्री पटेना. मरियामाता एका अडाणी खेडवळ मुलीला का दिसावी, हे त्यांना उमजत नव्हते. बिशपांनी निर्णय दिला होता, जगभरातून यात्रेकरू लुर्ड्सला जात होते आणि त्याच बर्नादेतला स्वतःच्या मठात रोज त्यांच्या थंड नजरेखाली वावरावे लागे. १६ एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तिने देह ठेवला. मदर वोझू पुढे संस्थेच्या प्रमुख झाल्या. आपल्या हयातीत बर्नादेतच्या संतपदाची प्रक्रिया सुरू होऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्या १९०७ मध्ये वारल्या आणि १९०८ मध्ये प्रक्रिया सुरू झाली. ८ डिसेंबर १९३३ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, पोप अकरावे पायस यांनी बर्नादेतला संत म्हणून घोषित केले. तिच्या चांगुलपणाची आणि सहनशीलतेची चौकशी झाल्यावरच तिला हे पद मिळाले. तिने काय पाहिले यासाठी ते दिले गेले नाही.