समोर मुघलांची अफाट फौज, तरी शिवाजी महाराजांनी लाल महालावर छापा का घातला?

बारामती-इंदापूर रस्त्यावरचं भवानीनगर म्हटलं की छत्रपती साखर कारखाना आठवतो. याच पट्ट्यातून १६६० च्या उन्हाळ्यात एक अवाढव्य फौज पुण्याकडे सरकत होती. सुपे, बारामती, शिरवळ, सासवड असा तिचा मार्ग. सेनापती होता औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान आणि मोहीम होती शिवाजी महाराजांवर.

१९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर जन्मलेल्या महाराजांचं हे घरचं रान. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीचा. महाराजांचं बालपण गेलं पुण्याच्या लाल महालात. खानाने पुणे घेतलं आणि मुक्काम टाकला तो नेमका याच वाड्यात.

तेव्हा महाराज स्वतः सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर अडकले होते. तिकडून निसटले, तर ऑगस्टमध्ये चाकणचा किल्ला गेला. फिरंगोजी नरसाळ्यांनी तो सुमारे दोन महिने लढवला होता. फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडून महाराजांनी एक डाव जिंकला, पण खान काही पुण्यातून हलेना.

खरी अडचण इथेच होती. मुघलांचा खजिना मोठा, ते वर्षानुवर्षं तळ देऊन बसू शकत होते. स्वराज्याचं तसं नव्हतं. मुलूख परक्या फौजेखाली राहिला की शेती मोडते, वसूल बुडतो, रयतेचा धीर सुटतो. थांबावं तर रोज ताकद घटणार, उघड्या मैदानात भिडावं तर पराभव ठरलेला. अशा वेळी दुबळ्या बाजूला अचानक घाव घालणं हाच कमी धोक्याचा मार्ग वाटू लागतो.

मात्र महाराजांचं लक्ष्य फौज नव्हती, एक माणूस होता. ५ एप्रिल १६६३ ची रात्र, रमजानचा महिना. निवडक माणसांसह महाराज छावणीत शिरले. वाड्याचा कोपरान् कोपरा ओळखीचा. मुदपाकखान्याकडची भिंत फोडून ते आत घुसले. खानाची बोटं तुटली, जीव वाचला. त्याचा मुलगा अबुल फतह मात्र मारला गेला. गोंधळाचा फायदा घेत मराठे निसटले.

फौजेच्या हिशेबात मुघलांचं नुकसान किरकोळ होतं. पण भर छावणीत सेनापती सुरक्षित नाही, ही दहशत मोठी होती. औरंगजेबाने खानाची रवानगी बंगालमध्ये केली. पुढे जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली आणि रिकाम्या खजिन्यात भर घातली.

म्हणजे युद्ध जिंकलं का? नाही. बलाढ्य शत्रू चिडला की दुप्पट जोराने परत येतो. मिर्झाराजा जयसिंग आला आणि जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले द्यावे लागले.

१९४१ मध्ये जपाननेही पर्ल हार्बरवर अचानक हल्ला केला. अमेरिकेने तेल रोखलं होतं, साठा संपत चालला होता, वेळ विरोधात होता. पण चार वर्षांत जपानला शरणागती पत्करावी लागली.

महाराजांनी मात्र गरज पडली तेव्हा तहही केला, किल्ले सोडले आणि १६७० मध्ये पुन्हा उसळी घेऊन गेलेले गड परत घ्यायला सुरुवात केली. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला आणि ३ एप्रिल १६८० ला तिथेच त्यांचं निधन झालं. लाल महालाच्या छाप्याने मिळाला तो वेळ. त्या वेळेचं सोनं करायला पुढची सगळी वर्षं लागली.