शेवटच्या माणसालाही कुस्ती दिसावी म्हणून शाहू महाराजांनी थेट रोमवरून आयडिया आणली होती

कुस्ती मैदान म्हटलं की हलगी, फेटे, लाल माती आणि माणसांची तोबा गर्दी आलीच. पण या गर्दीची एक जुनी अडचण होती. सपाट मैदानात फड लागला की पुढचे चार लोक कुस्ती बघायचे आणि मागचे पुढच्यांची डोकी. डाव पडला की पुढे आरडाओरडा व्हायचा आणि मागचा माणूस शेजाऱ्याला विचारायचा, काय झालं रे?

ही अडचण एका राजानं मनावर घेतली. राजर्षी शाहू महाराज.

२६ जून १८७४ ला कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. २ एप्रिल १८९४ ला त्यांनी राज्याचा कारभार हाती घेतला. अंगापिंडानं धिप्पाड असलेले महाराज स्वतः मातीत घाम गाळलेले होते. देशभरातल्या मल्लांना त्यांनी कोल्हापुरात आणलं, त्यांच्या खुराकाची सोय केली, तालमींना बळ दिलं.

मल्ल तयार झाले, पण त्यांची कुस्ती बघायची कुठं?

उत्तर सापडलं १९०२ मध्ये. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले होते. याच दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम बघितलं. मधे खेळाची जागा, चारी बाजूंनी वर चढत जाणारी बैठक आणि कुठंही बसलं तरी समोरचं सगळं स्पष्ट. रोमन लोकांनी तिथं माणसांना आणि जनावरांना मरेपर्यंत झुंजवलं होतं. महाराजांनी तो रक्तपात तिथंच सोडला आणि बैठकीची रचना तेवढी उचलली.

१९०७ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदानाचं काम सुरू झालं. मधोमध मातीचा हौदा आणि भोवतीनं बशीसारखी उतरती बैठक. खांब नाही, आडोसा नाही. हजारो माणसं बसली तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला चितपट झालेल्या मल्लाची पाठ दिसली पाहिजे, असा सगळा हिशोब. १९१२ मध्ये मैदान पूर्ण झालं. उद्घाटनाला गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची लढत ठेवली होती.

आता कुणी म्हणेल, राजानं शाळा काढाव्यात, धरणं बांधावीत, कुस्त्या बघायला मैदान कशाला?

तर महाराजांनी तेही केलं होतं. राधानगरीच्या धरणाचं काम त्यांनीच सुरू केलं. मागासलेल्या समाजांसाठी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम २६ जुलै १९०२ चा, म्हणजे कलोसियम बघितलं त्याच वर्षीचा. प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पण दिवसभर राबणाऱ्या माणसाला चार घटका जीव रमवायला जागा पाहिजे, हेही त्यांना तितकंच महत्त्वाचं वाटत होतं. म्हणूनच खासबागेला लागून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं. तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. एका बाजूला कुस्ती, दुसऱ्या बाजूला नाटक.

या मैदानानं नुसते मल्ल घडवले नाहीत, बघणारेही घडवले. समोरचा डाव नीट दिसायला लागला की माणसाला ढाक कळते, घिस्सा कळतो. मग तो नुसता जिंकणाऱ्याला डोक्यावर घेत नाही, हरणाऱ्यानं दिलेल्या झुंजीलाही दाद देतो. आणि असे हजारो जाणकार डोळे रोखलेले असले की मल्लालाही नुरा कुस्ती करून सुटता येत नाही.

६ मे १९२२ ला वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी मुंबईत महाराजांचं निधन झालं. पुढे श्रीपती खंचनाळे, गणपत आंदळकर, मारुती माने यांच्यासारखे हिंदकेसरी खासबागेच्या मातीत उतरले. त्यांच्या कुस्त्या बघायला आलेला शेतकरी, हमाल, विद्यार्थी, कुणीही असो, जागा मिळेल तिथं बसला आणि तिथून त्याला सगळी कुस्ती दिसली.