उत्तरार्धाची बेचाळीस वर्षे

बेंजामिन फ्रँकलिन यांचा जन्म १७०६ मध्ये बोस्टन येथे, मेणबत्त्या आणि साबण बनविणाऱ्या कारागिराच्या घरी झाला. शालेय शिक्षण जेमतेम दोन वर्षांचे. थोरल्या बंधूंच्या छापखान्यात उमेदवारी करून सतराव्या वर्षी ते फिलाडेल्फियाला आले. पुढे स्वतःचा छापखाना, वृत्तपत्र आणि वार्षिक पंचांग यांतून त्यांनी संपत्ती मिळविली.

१७४८ मध्ये, व्यवसाय ऐन भरात असताना, त्यांनी निवृत्ती पत्करली. ही लहर नव्हती. डेव्हिड हॉल या सहकाऱ्यास भागीदार करून कारभार त्यांच्या स्वाधीन केला. अठरा वर्षे निम्मा नफा आपणास मिळावा, असा करार केला. निवृत्तीनंतर काय करायचे, हाही प्रश्न नव्हता. विजेचे प्रयोग आधीच सुरू झाले होते. त्यांतूनच तडितरक्षक जन्मास आला.

निवांत अभ्यासाचा बेत मात्र फार काळ टिकला नाही. रुग्णालयाची उभारणी, विधिमंडळ, परदेशातील वकिली अशी कामे येत गेली. १७७६ मध्ये, सत्तरीत, त्यांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी केली. १७९० मध्ये ते निवर्तले. उपजीविकेतून मोकळे होईपर्यंत बेचाळीस वर्षे गेली होती. त्यानंतरही तितकीच लाभली. जग त्यांना ओळखते, ते मुख्यतः या उत्तरार्धामुळे.