चष्म्यातून धरलेला नेम

सातवीत मला चष्मा लागला आणि घरासमोरच्या पिंपळाला सुटी सुटी पाने आहेत हे पहिल्यांदा दिसले. तोवर तो माझ्या लेखी नुसता हिरवा ढीग होता. पुढे अमेरिकेचे सव्विसावे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे चरित्र वाचताना तो पिंपळ पुन्हा आठवला.

१८५८ साली न्यूयॉर्कमधल्या सुखवस्तू घरात जन्मलेला हा मुलगा दम्याने बेजार असे. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्याला बंदूक मिळाली. बरोबरची मुले नेम धरून बार काढीत. याला मुळात सावजच दिसेना. एकदा मित्रांनी लांबच्या जाहिरातीची अक्षरे वाचली, तेव्हा तिथे अक्षरे आहेत हेही त्याला कळले नाही. वडिलांच्या कानावर घातल्यावर चष्मा आला आणि जग लख्ख झाले.

१४ फेब्रुवारी १८८४ रोजी एकाच घरात आई आणि तरुण पत्नी दोघी गेल्या. रूझवेल्ट डाकोटाच्या माळरानावर गुरे पाळायला गेले. तिथे त्यांची सोबतीण होती १८७६च्या बनावटीची विंचेस्टर रायफल. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली-वर केली, की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत सरकते. दस्ता आणि नेमाची खूण त्यांनी स्वतःच्या अंगाला नि डोळ्याला जुळतील अशी करून घेतली होती.

नवी रायफल आणली आणि रानात गेले, असे होत नाही. आधी ती टेकूवर स्थिर ठेवायची आणि ठरावीक अंतरावरच्या लक्ष्यावर तीन-चार बार काढायचे. गोळ्या एकाच बाजूला जवळजवळ पडल्या तर हात बरोबर, खूण चुकलेली. गोळी डावीकडे जात असेल तर मागची खाच उजवीकडे सरकवायची. नळीच्या टोकाची माशी मात्र उलट, डावीकडे. हा खटाटोप हौसेचा नव्हे. नेम ढळला तर जनावर लगेच मरत नाही, जखमी होऊन झुडपात तळमळत राहते.

रूझवेल्ट स्वतःला सामान्य नेमबाजच मानत. अध्यक्ष असताना मुष्टियुद्धाच्या सरावात ठोसा बसून डाव्या डोळ्याची दृष्टी मंदावली. उजवा गेला असता तर बंदूकच सुटली असती, असे त्यांना वाटे. १९०९ साली ते मुलगा करमिटसह आफ्रिकेत गेले, तेव्हा १८९५च्या बनावटीच्या विंचेस्टरबरोबर जादा चष्मेही होते.

त्या मोहिमेत बापलेकांनी पाचशेहून अधिक जनावरे टिपली. संग्रहालयासाठी असली, तरी १९७२च्या कायद्याने शिकारबंदी झालेल्या देशात वाढलेल्या मला तो आकडा बोचतो. पण १९०२ साली मिसिसिपीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार देणारे आणि अध्यक्षपदी असताना पाच राष्ट्रीय उद्याने घडवणारेही हेच. दोन्ही बाजू एकाच माणसाच्या.

१४ ऑक्टोबर १९१२ रोजी मिलवॉकीत एकाने त्यांच्या छातीवर गोळी झाडली. खिशात घडी घातलेले भाषण आणि चष्म्याची धातूची डबी होती. गोळीचा जोर तिथेच मोडला. ती शरीरात राहिली, पण जीव वाचला. रक्ताळलेल्या सदऱ्यानिशी ते तासाहून अधिक बोलले. ६ जानेवारी १९१९ रोजी झोपेतच त्यांचे निधन झाले.

आपली नजर अधू आहे हे त्यांना आयुष्यभर ठाऊक होते, म्हणून चाप ओढण्याआधी ते खूण तपासत. माझा नंबर आता चांगलाच वाढला आहे. एखाद्याविषयी पटकन मत ठोकून देण्याआधी मी अलीकडे चष्मा काढतो, पुसतो आणि मगच बोलतो.